ड्युटी करता करता शिकायचं कसं

अगं, नर्स म्हणून शिकायला पुढच्या ट्रेनिंगची वाट बघत बसू नकोस. तुझ्या वॉर्डातलंच एक औषध रोज धर आणि मुळापासून वाच. उदाहरणार्थ पोटॅशियम क्लोराइडच बघ. आपल्याकडच्या १० मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये सहसा २० मिलिइक्विव्हॅलंट (mEq, क्षाराचं प्रमाण मोजायचं एकक) असतं, ते लेबलवरून स्वतः ताडून बघ. हे थेट शिरेत कधीच द्यायचं नाही. सलाइनमध्ये घालायचं, बाटली उलटसुलट करून नीट मिसळायची आणि सावकाश सोडायचं, कारण एकदम गेलं तर हृदय बंद पडू शकतं. कारण कळलं की नियम डोक्यात पक्का बसतो. मग वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिही. नुसतं पुन्हा पुन्हा वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, आणि रात्रपाळीत ऐनवेळी काही सुचत नाही.

सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरवत ठेवणं) मात्र व्हिडिओ बघून येणार नाही. मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हे सरावाच्या पुतळ्यावर हात ठेवल्याशिवाय कळत नाही. इन्चार्ज सिस्टरकडे पुतळा माग, मैत्रिणीला घड्याळ बघायला लाव. डोसबद्दल शंका आली तर डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना बिनधास्त विचार. फोनवर सापडलेल्या आकड्यावर इंजेक्शन भरू नकोस.