राज्यशास्त्र विभागात संशोधनाची संधी कशी मिळते, आणि तिथली जाहीर व्याख्याने बाहेरच्या विद्यार्थ्याने ऐकावीत का?

तुम्ही तालुक्याच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करत आहात आणि दोन गोष्टी विचारल्या आहेत. पुण्याच्या विद्यापीठातील राज्यशास्त्र विभागात आपल्यासारख्याला संशोधनाला वाव मिळेल का, ही पहिली. आणि तिथे होणाऱ्या जाहीर व्याख्यानांना मुद्दाम प्रवास करून जाण्यात अर्थ आहे का, ही दुसरी. मी हाच विषय शिकलो आणि आता तोच शिकवतो. माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच पहिल्याचे बरेचसे उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पुण्यातली राजकीय विषयांवरील जाहीर व्याख्यानांची परंपरा विद्यापीठापेक्षा जुनी आहे. विद्यापीठ १९४९ साली सुरू झाले. त्याच्या दहा वर्षे आधी, २९ जानेवारी १९३९ रोजी, पुण्यातल्याच गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील संघराज्याच्या योजनेची चिकित्सा केली होती. एकीकडे लोकांनी निवडून दिलेली सरकारे असलेले प्रांत आणि दुसरीकडे राजांच्या मर्जीने चालणारी संस्थाने एकाच संघराज्यात बसवली, तर त्यातून स्वातंत्र्य वाढेल की आकुंचन पावेल, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे ते व्याख्यान छापले गेले आणि आजही वाचायला मिळते. ते जरूर वाचा. कायद्यातील एकेक तरतूद समोर ठेवून युक्तिवाद कसा उभा करायचा आणि विरुद्ध बाजूचा आक्षेप आधीच हेरून त्याला उत्तर कसे द्यायचे, हे त्यातून जितके कळते तितके पाठ्यपुस्तकातून कळत नाही. चांगले जाहीर व्याख्यान ऐकताना नेमके हेच शिकायचे असते.

विभागातील बहुतेक व्याख्याने सर्वांना खुली असतात आणि त्यांची सूचना विभागाच्या फलकावर व संकेतस्थळावर लागते. चर्चासत्रांना आणि संशोधनपद्धतीच्या कार्यशाळांना मात्र आधी नाव नोंदवावे लागते, आणि कधी शुल्कही असते. ऐकताना वक्त्याचे निष्कर्ष उतरवून घेण्यापेक्षा त्याने पुरावा कुठला दिला ते टिपून ठेवा: निवडणुकीची आकडेवारी, विधिमंडळातील चर्चा, न्यायालयाचा निकाल की लोकांच्या मुलाखती? आणि शेवटी प्रश्नोत्तरांच्या वेळी एक छोटा, नेमका प्रश्न विचारा. प्रश्नाच्या नावाखाली स्वतःचे भाषण करणारे प्रत्येक सभागृहात असतात; त्यामुळे दोन वाक्यांत मुद्द्याचे विचारणारा विद्यार्थी प्राध्यापकांच्या लक्षात राहतो. पुढे एखाद्या प्रकल्पाला माणसे हवी असतात, तेव्हा अशीच नावे आधी आठवतात. याला वशिला म्हणता येणार नाही, कारण ती ओळख कामातून झालेली असते.

असे काम बहुधा क्षेत्रीय पाहणीचे असते. दिल्लीच्या सीएसडीएस या संस्थेचा ‘लोकनीती’ हा उपक्रम १९९७ पासून निवडणुकांच्या काळात मतदारांच्या पाहण्या करतो आहे, आणि पुण्याच्या विभागात दीर्घकाळ अध्यापन केलेले प्रा. सुहास पळशीकर त्याचे सहसंचालक राहिले आहेत. या पाहण्यांसाठी घरोघरी जाणारे अन्वेषक मोठ्या प्रमाणावर महाविद्यालयांतील आणि विद्यापीठांतील विद्यार्थीच असतात. त्यांना आधी प्रशिक्षण मिळते, मानधनही मिळते. पण त्याहून मोठी कमाई म्हणजे शिस्त. मतदान केंद्र नमुना पद्धतीने निवडलेले असते आणि मुलाखत कोणाची घ्यायची ते नाव मतदार यादीतूनच ठरून आलेले असते. समोरच्या ओट्यावर बसलेला गप्पिष्ट माणूस कितीही उत्सुक असला तरी त्याची मुलाखत घेता येत नाही. मत कोणाला दिले हे तोंडी विचारायचे नसते. चिन्हे छापलेली नमुना मतपत्रिका हातात द्यायची, त्या व्यक्तीने खूण करून घडी घालायची आणि सोबतच्या पेटीत टाकायची, तोवर आपण नजर दुसरीकडे ठेवायची.

नाव घरातल्या सुनेचे असते आणि उत्तरे सासरे देऊ लागतात, हा अनुभव तुम्हालाही येईल. अशा वेळी अदबीने पण ठामपणे ‘मला ताईंशीच बोलायचं आहे’ असे सांगावे लागते. ती ‘सांगता येत नाही’ म्हणाली, तर तेच लिहून घ्यायचे. राजकारणाबद्दल मत नसणे किंवा ते बोलून दाखवावेसे न वाटणे ही संशोधनाच्या दृष्टीने मोलाची नोंद आहे. तिला आग्रह करून काहीतरी वदवून घेणारा अन्वेषक सगळी पाहणी बिघडवतो.

पाहणीत सहभागी होण्याची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. तुमच्या विधानसभा मतदारसंघाचा ‘फॉर्म २०’ मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली हे दिलेले असते. त्याच्या जोडीला मतदान केंद्रांची यादी घेतली की गाववार, वाडीवार चित्र दिसू लागते. लागोपाठच्या दोन निवडणुकांची तुलना करताना सावध राहा, कारण केंद्रांचे क्रमांक आणि हद्दी बदलतात. हे लक्षात न घेता काढलेले निष्कर्ष मी अनेक प्रकल्पांत पाहिले आहेत आणि दर वेळी वाईट वाटले आहे. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रेही खुली आहेत. साखर कारखाना, जिल्हा बँक आणि आमदारकी यांचे तुमच्या तालुक्यात कसे गुंफण आहे, हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक असते. पुण्यात वाढलेल्या संशोधकाला तेच समजून घ्यायला काही वर्षे घालवावी लागतात. आपण गावाकडचे म्हणून मागे आहोत असे कृपया मानू नका.

औपचारिक वाट थोडक्यात सांगतो. बी.ए.नंतर एम.ए., आणि त्यातला संशोधन प्रकल्प मन लावून करा, कारण तुमच्या लेखनाचा तो पहिला नमुना असतो. एम.फिल. आता बंद झाले आहे. पीएच.डी.साठी २०२४ पासून ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण प्रवेशाला धरले जातात; ‘जेआरएफ’ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) न मिळता नुसत्या नेटवर प्रवेश घेणाऱ्यांसाठी ७० टक्के भार परीक्षेला आणि ३० टक्के मुलाखतीला असतो. ‘जेआरएफ’ मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. याशिवाय बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. जागा मोजक्याच असतात, हे मात्र आधीच माहीत असू द्या. नियमानुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात, त्यामुळे गुण चांगले असूनही त्या वर्षी तुमच्या विषयाच्या मार्गदर्शकाकडे जागा नाही असे होऊ शकते.

इंग्रजीची भीती तुमच्या प्रश्नातही जाणवली. वाचन इंग्रजीतून करावेच लागेल, त्याला पर्याय नाही; पण विचार आणि लेखन मराठीत करण्यात कमीपणा नाही. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर मराठीत लिहिलेले राज्यशास्त्राचे प्रबंध पूर्ण वाचायला मिळतात. त्यातले दोन-तीन वाचा, म्हणजे चांगला प्रबंध कोणता आणि नुसता संकलनाचा कोणता, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

विभागात एखाद्या प्राध्यापकांना भेटायचे ठरवाल, तेव्हा आधी त्यांचा किमान एक लेख वाचून जा. ‘सर, मला संशोधन करायचंय, विषय सुचवा’ असे म्हणू नका. तुमच्या मतदारसंघातील केंद्रवार निकालांचा तक्ता आणि त्यातून तुम्हाला पडलेला, पण स्वतःला न सुटलेला एक प्रश्न, एवढी दोन पाने सोबत न्या.