बंद भट्टीला पाणी कशाला?

प्रश्न : अणुभट्टी बंद केली की विखंडन (अणुकेंद्रे फुटून उष्णता निघणे) थांबते. मग तिला नंतरही पाणी का पुरवत राहावे लागते?

उत्तर : नियंत्रण कक्षात उमेदवारी करताना मीही हेच विचारलं होतं. विखंडन रोखणाऱ्या नियंत्रक कांड्या आत गेल्या की काही सेकंदांत विखंडनाची साखळी प्रक्रिया थांबते, हे खरं. पण इंधनात साठलेले विखंडनाचे तुकडे किरणोत्सारी असतात. त्यांचा ऱ्हास कुठल्याही बटणाने थांबत नाही आणि त्यातून उष्णता निघतच राहते. बंद केल्याक्षणी मूळ उष्णतेच्या ६ ते ७ टक्के उष्णता उरते, तासाभराने साधारण दीड टक्का. आकडा किरकोळ वाटतो ना? ३००० मेगावॅट उष्णतेच्या भट्टीत दीड टक्का म्हणजे ४५ मेगावॅट! पाणी थांबलं, तर ते उकळून आटतं आणि इंधन वितळू लागतं.

जपानच्या फुकुशिमा दाइची अणुऊर्जा केंद्रात ११ मार्च २०११ रोजी चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या भूकंपानंतर आपोआप, अगदी व्यवस्थित बंद झाल्या होत्या. घात केला तो नंतरच्या त्सुनामीने : डिझेल जनित्रं बुडाली, पंपांची वीज गेली. म्हणून पाळीवर आल्यावर मी आधी जनित्रांची नोंदवही उघडायचो, भट्टीची नंतर.