ऑफर लेटर हातात आलं, आता नीट वाच

ब्रिटनच्या विद्यापीठाचं पत्र आलं की आधी 'कंडिशनल' हा शब्द शोध. तो असेल तर अटी पूर्ण होईपर्यंत प्रवेश पक्का नाही. अटी बहुतेक पदवीचे टक्के आणि इंग्रजीच्या असतात. आयईएलटीएसमध्ये एकूण ६.५ मिळाले, पण 'प्रत्येक भागात किमान ६' लिहिलंय आणि रायटिंगमध्ये ५.५ आले, तर अट अपूर्णच राहते.

नागपूर विद्यापीठाच्या शेवटच्या सेमिस्टरला असलेल्यांनी तारखेकडे जास्त लक्ष द्यावं. अट पूर्ण करायची मुदत पत्रात असते आणि निकाल त्याआधी लागेलच असं धरून चालू नकोस. निकाल लांबतोय असं दिसताच ॲडमिशन ऑफिसला मेल कर. मुदतवाढ मिळेल का, नुसत्या मार्कशीट चालतील की प्रोव्हिजनल डिग्री सर्टिफिकेटच हवं, हे लेखी विचार. मुदत उलटल्यावर मागितलं तर जागा गेलेली असू शकते.

'अनकंडिशनल' म्हणजे शैक्षणिक अटी संपल्या, व्हिसा मिळाला असं नाही. त्यासाठी कॅस नंबर (तुझा प्रवेश पक्का असल्याचा विद्यापीठानं दिलेला क्रमांक) लागतो आणि बरीच विद्यापीठं तो डिपॉझिट भरल्यावरच देतात. व्हिसा नाकारला तर डिपॉझिट परत मिळतं का, हे पैसे भरण्याआधी वाच. फी आणि राहण्याच्या खर्चासाठी व्हिसाच्या अर्जात दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी. मध्ये एक दिवस जरी कमी झाली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी असेल, तर कॅसच्या मसुद्यातलं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळव.