हँग ग्लायडिंगच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत मध्येच हवामान बदलले, तर स्पर्धक काय करतात?
हँग ग्लायडर म्हणजे ज्याखाली लटकून माणूस उडतो तो मोठा पंख; त्याला इंजिन नसते. त्यामुळे ऑस्ट्रेलियातील फोर्ब्सच्या सपाट प्रदेशातली शर्यत त्या दिवसाच्या अंदाजावर आखली जात असली, तरी तिचा निकाल तापलेल्या जमिनीवरून वर चढणारे हवेचे झोत कोण अचूक हेरतो यावर ठरतो. उंचावर पातळ ढगांचा पडदा आला की हे झोत मंदावतात, आणि तेव्हा वेगाचा मोह सोडून मिळेल त्या क्षीण झोतात घिरट्या घालत उंची राखावी लागते (माझ्या मते खरे कसब येथेच दिसते). याउलट ढग वाढून गडगडाटी होऊ लागले, तर त्यांच्यापुढे धावणारा सोसाट्याचा वारा उतरणेही धोक्याचे करतो. अशा वेळी स्पर्धक रेडिओवरून परिस्थिती कळवतात आणि संचालक शर्यत थांबवू शकतात. ठरावीक अटी पूर्ण झाल्या असतील, तर थांबवलेल्या शर्यतीचेही गुण मिळतात.