शहापूरच्या पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) जॉइन होतोयस ना, मग हे ऐक

हे बघ, न्यूमोनिया दिसला की सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक लावून मोकळं व्हायचं ही आपली सवय, पण न्यूमोनिया करणारा लिजिओनेला हा जंतू पेशीच्या आत लपून वाढतो, त्याला ते लागूच पडत नाही. माझ्याकडे मुरबाडचा एक गडी आला होता, ताप १०३, जुलाब, बायको म्हणे रात्रीपासून बरळतोय, आणि नाडी मात्र एवढ्या तापाला कमीच, फक्त ८८, रक्तातलं सोडियमही उतरलेलं, १२६. कामाला कुठे विचारलं तर नवी मुंबईत कूलिंग टॉवर धुतो, आणि हा जंतू अशाच पाण्यात वाढतो! म्हणून गावचा पेशंट म्हणजे हिस्ट्रीपण गावातलीच असं धरू नको, मागचे १४ दिवस कुठे होता, लॉजवर राहिला का, सगळं खोदून विचार. युरिन अँटिजेन (लघवीत जंतूचा अंश शोधणारी टेस्ट) पाठव, पण ते मुख्यतः सेरोग्रुप १, म्हणजे या जंतूचा एकच प्रकार पकडतं, निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो असं नाही, जमलं तर थुंकीचा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट). रिपोर्टची वाट न बघता अ‍ॅझिथ्रो हे अँटिबायोटिक सुरू कर, ईसीजीत क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातलं एक अंतर, या औषधाने ते लांबू शकतं) बघून. लिवोफ्लॉक्सासिनपण चालतं, फक्त त्याआधी थुंकी सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या टेस्टला टाक, कारण या औषधाने टीबी काही दिवस दबतो आणि निदान लांबतं, यात भलेभले फसलेत बाबा.