पुण्यात कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेतला आणि भाड्याने दिला, तर भाड्यातून हप्ता निघेल का?

नाही निघत. माझाच हिशोब मांडतो.

2017 मध्ये वाकडला 58 लाखांना रीसेलचा टू बीएचके घेतला. बँकेने साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी 44 लाख दिले. हप्ता 38 हजारांच्या वर आणि भाडं 17 हजार! वरचे 21 हजार दरमहा पगारातून. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे पावणेचार लाख कर्जात धरत नाहीत, तेही रोख उभे करावे लागले.

बरं, 17 हजारही पूर्ण हाती येत नाहीत. सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा मिळकतकर, भाडेकरू बदलला की एजंटची दलाली आणि रंगकाम. 2020 मध्ये आयटीतली मुलं गावी निघून गेली आणि फ्लॅट पाच महिने रिकामा राहिला. हप्ता पुढे ढकलायची सवलत मिळाली, पण व्याज चढतच होतं. म्हणून आग्रहाने सांगतो, किमान सहा हप्त्यांचे पैसे बाजूला असल्याशिवाय बुकिंगचा चेक देऊ नका.

करात वाचतं असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. भाड्यातून मिळकतकर आणि 30 टक्के प्रमाणित वजावट जाते, मग व्याज वजा होतं. त्यातून दिसणारा तोटा जुन्या करप्रणालीत वर्षाला 2 लाखांपर्यंतच पगारातून वजा करता येतो, नव्या प्रणालीत अजिबात नाही. तुम्ही कुठल्या प्रणालीत आहात ते आधी बघा.

भाडेकरू ओळखीचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर त्याच कायद्याने दुप्पट भाडं मागता येतं. पण हातात नोंदवलेला कागद हवा. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन कळवता येते, दहा मिनिटांचं काम आहे.

आमच्या सोसायटीने भाडेकरू ठेवला म्हणून महिन्याला हजार रुपये जादा लावले होते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते ना-वापर शुल्क, आणि ते मेंटेनन्समधल्या सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. शासनाचा आदेश जोडून लेखी अर्ज दिला, तेव्हा कमी केले.

तरी घ्यायचाच असेल, तर निम्मी रक्कम स्वतःची घाला. आणि भाड्याचा आकडा एजंटला विचारू नका. त्याच इमारतीत आज राहणाऱ्या दोन भाडेकरूंना विचारा.