ड्रोनच्या काळात सैनिकाच्या मनोबलाला काही अर्थ उरला आहे का? आणि ते मोजता येतं का?

अर्थ उरला आहे. "बटण दाबणाऱ्याला कसलं आलंय मनोबल?" असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही.

मी पायदळात होतो. उंचावरच्या एका चौकीवर आमच्यातल्या एका पोराच्या छातीत पाणी झालं. अशा वेळी ऑक्सिजन लावायचा आणि माणसाला लवकरात लवकर खाली न्यायचं. हवा खराब, हेलिकॉप्टर येणार नाही असा निरोप वायरलेसवर आलेला. कंपनी कमांडरसाहेब उजाडायची वाट बघत बसले नाहीत. अंधारातच स्ट्रेचर निघालं. आम्ही आळीपाळीने खांदा देत होतो, साहेब सगळ्यांत पुढे, काठीने बर्फ चाचपत. पोरगा वाचला.

साहेबांच्या आधी तिथे दुसरे एक अधिकारी होते. बोलायला लागले की ऐकत राहावं. देश, इतिहास, बलिदान, सगळं. पण सुट्टीचे अर्ज त्यांच्या टेबलावर महिनोन्महिने पडून असत. गस्त निघायची म्हटलं की कुणाचं पोट दुखायचं, कुणाचा गुडघा. माणसं तीच, हत्यारं तीच. त्या रात्रीनंतर मात्र गस्तीला पोरं आपणहून उभी राहायची. मला काही झालं तर हे मला टाकून जाणार नाहीत, एवढा भरवसा त्यांना पुरला.

माझे थोरले बंधू इंजिनिअर आहेत. "लढाई कारखान्यात जिंकली जाते," हे त्यांचं वर्षानुवर्षांचं पालुपद. मग मोसूलचं काय? जून 2014 मध्ये इराकी फौजेने संख्येने आपल्यापेक्षा कितीतरी कमी असलेल्या 'इस्लामिक स्टेट'च्या अतिरेक्यांपुढे ते शहर सोडलं. वरिष्ठ अधिकारी आधीच निसटले होते. त्याच वर्षी पंतप्रधान अल-अबादींनी संसदेत सांगितलं की 50,000 सैनिक फक्त पगारपत्रकावर आहेत. अफगाणिस्तानात कागदावर सुमारे 3 लाखांचं सुरक्षादल, अमेरिकी हत्यारं, विमानं. पण पगार थकलेले, चौक्यांवर रसद नाही, विमानांची देखभाल करणारे परदेशी कंत्राटदार निघून गेलेले. 15 ऑगस्ट 2021 ला काबूल पडलं.

तुमच्या बटणवाल्याचं म्हणाल, तर युक्रेनमध्ये छोटे ड्रोन उडवणारा बहुतेक वेळा आघाडीजवळच्या तळघरात किंवा खंदकात असतो, आणि शत्रू त्यालाच हुडकत असतो. त्याची जागा सापडली की तोफा तिकडेच वळतात. तिथे टिकून राहायला काय लागतं, ते मशीनला विचारून कळणार नाही.

मोजता येतं का? थोडंफार. पळून जाणारे किती, आजारी पडणारे किती, सुट्टीवरून वेळेत परतणारे किती, हे बघा. घोषणा मोजू नका.

एक मात्र सांगायला हवं. नुसत्या जिगरीने ड्रोन पडत नाहीत. 2020 मध्ये नागोर्नो-काराबाख या आर्मेनिया-अझरबैजान वादातल्या प्रदेशात आर्मेनियन पोरं जिद्दीने लढली, तरी अझरबैजानच्या ड्रोननी त्यांचे रणगाडे आणि तोफा टिपल्या, आणि 44 दिवसांत ते युद्ध हरले. तेवढ्यापुरतं दादांचं खरं. पण कोठारं भरलेली असताना फौज का पळते, याचं उत्तर त्यांनी मला आजवर दिलेलं नाही.